बुटातला स्वीडन

बार्ब्रो लिंडक्विस्ट नऊ वर्षांत अठराशे वेळा डेन्मार्कला गेली आणि एकदाही तिथे उतरली नाही.

यात वेडेपणा शोधू नये. हेल्सिंगबोर्गच्या माणसांची ही जुनी रीतच आहे. समोर डेन्मार्क, मध्ये वीस मिनिटांचं पाणी. तिकीट काढायचं, बोटीच्या उपाहारगृहात खिडकीजवळचं टेबल धरायचं, कोळंबीचा पाव नाहीतर सूप मागवायचं आणि बसून राहायचं. पलीकडचा धक्का आला की कामाची माणसं उतरतात, आपण हलायचं नाही. बोट परत आपल्या गावाला लागते, तेव्हाही हलायचं नाही. अशा चार फेऱ्या झाल्या की पोट भरतं, गप्पा भरतात आणि माणूस परदेशातून आल्याच्या तोऱ्यात घरी जातो. आमच्याकडे वाढदिवस, बारसं, साखरपुडा, सगळं असं पाण्यावर होतं. ज्यांना हे कळत नाही त्यांना बिचाऱ्यांना प्रवास म्हणजे कुठेतरी पोचणं वाटतं.

बार्ब्रोला पोचण्याचा कंटाळा होता, कारण तिने जन्मभर तेच केलं होतं. ती पोस्टवाली. चौतीस वर्षं गावातल्या चढउतारांवरून टपाल वाटलं, हजारो उंबरे पाहिले, दोन कुत्रे चावले आणि तिसऱ्याला ती चावणार होती असं लोक सांगतात. नवरा रुबेन लवकर गेला. मूलबाळ नाही. निवृत्तीनंतर तिने गावाबाहेर बागेचा एक लहानसा तुकडा भाड्याने घेतला, त्यात बटाटे लावले, कडेने करवंदासारखी काळी फळं देणारी झुडपं लावली आणि शेजाऱ्यांना बागकाम शिकवून त्रास देऊ लागली. सहा दिवस बाग आणि गुरुवारी बोट. गुरुवारी कारण त्या दिवशी आख्खं स्वीडन वाटाण्याचं सूप पितं, आणि एकटीसाठी वाटाणे कोण भिजत घालणार?

अशाच एका गुरुवारी ती मोहरीची वाटी आणायला उठली आणि परत येऊन पाहते तो तिच्या समोरच्या खुर्चीवर एक लांबुडका म्हातारा बसलेला.

"हे टेबल माझं आहे," बार्ब्रो म्हणाली.

"असेल की," तो म्हणाला. "खुर्ची माझी."

"मी दर गुरुवारी इथे बसते."

"मग बस ना, कुणी धरलंय? मी डेन्मार्ककडे तोंड करून बसतो, तू स्वीडनकडे कर. दोघांचीही तोंडं आंबट व्हायला नकोत."

हा प्रेबेन यूल. पलीकडच्या काठावरचा, म्हणजे डेन्मार्कचा. गोदीत वेल्डर होता. गोदी बंद पडली तरी त्याला पाण्यावरून नजर काढवेना. तो तिकडून चढायचा आणि चार फेऱ्या मारून तिकडेच उतरायचा. स्वीडनमध्ये त्यानेही कधी पाय ठेवला नव्हता. "तिथे उतरून करायचं काय?" हा त्याचा सवाल, आणि डेन्मार्कबद्दल बार्ब्रोचाही अगदी हाच. म्हणजे दोघांचं एकमत होतं, पण ते मान्य करण्याइतके दोघेही मूर्ख नव्हते.

तो डॅनिश बोले, ती स्वीडिश. एकमेकांचं निम्मं कळे आणि उरलेल्या निम्म्यावर भांडण चाले. सूप कुणाचं चांगलं, मोहरी कुणाची, राजघराणं कुणाचं कमी बावळट. आणि सगळे मुद्दे संपले की प्रेबेनकडे एक हुकमाचं पान असायचंच. साडेतीनशे वर्षांपूर्वी बार्ब्रोचा सगळा मुलूख डेन्मार्कच्या राजाचा होता, तो लढाईत स्वीडनने घेतला. हे प्रेबेन काल घडल्यासारखं सांगे.

"तू ज्यात बटाटे लावतेस ना, ती माती मूळची आमचीच," तो म्हणे. "भाडं मागत नाही, हा आमचा मोठेपणा."

"एवढी तुमची आहे तर ये घेऊन जायला! उतर की! दर गुरुवारी धक्क्यापर्यंत येतोस आणि शेपूट घालून परत जातोस."

"तू तरी कुठे उतरतेस?"

"मी कशाला उतरू? मी काही मागायला आलेली नाही."

पहिल्याच वर्षी, शहाजिऱ्याच्या वासाच्या दारूचा तिसरा पेला पोटात गेल्यावर, या भांडणाची पैज झाली. कागदी हातरुमालावर कलमं लिहिली. जो आधी दुसऱ्याच्या देशाच्या जमिनीला पाय लावेल तो हरला. घराचा मजला कितवाही असो, देश तोच धरायचा. बोट कुणाचीच नाही. हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचं एक म्हणणं, एकदाच, हूं की चूं न करता ऐकायचं. खाली दोघांच्या सह्या आणि साक्षीदार म्हणून उपाहारगृहातल्या विबेकेची. विबेके तेव्हा नवीन होती. तिला वाटलं म्हातारी माणसं आहेत, महिनाभरात विसरतील. बार्ब्रोने तो रुमाल प्लास्टिकच्या पिशवीत घालून पर्समध्ये ठेवला आणि नऊ वर्षं तो तिथेच राहिला.

मग यंदाच्या जूनमध्ये एका गुरुवारी प्रेबेन आला नाही.

बार्ब्रोने त्याच्या खुर्चीवर आपली पर्स ठेवली आणि चार फेऱ्या सूप ढवळलं. पुढच्या गुरुवारीही तो आला नाही. तिच्याकडे त्याचा फोन नंबर नव्हता. दर गुरुवारी जो माणूस समोर बसून डोकं खातो, त्याला आणखी फोन कशाला करायचा? त्याचं घर मात्र तिला ठाऊक होतं. डेन्मार्कचा धक्का जवळ आला की डाव्या हाताला पिवळी इमारत, तिसरा मजला, खिडकीत किटलीच्या आकाराचा निळा दिवा. तो दिवा तिने डोळे बारीक करून शोधला. खिडकीचे पडदे ओढलेले होते.

तिसऱ्या गुरुवारी विबेकेने सुपाबरोबर एक चिठ्ठी आणून ठेवली. विबेके राहते तिकडेच, प्रेबेनच्या गल्लीच्या मागे.

"जिन्यावरून पडला," ती म्हणाली. "पाय मोडलाय. पाच तासांवरच्या आल्बोर्गहून मुलगी आलीये, डोर्टे. ती शनिवारी त्याला कायमचा घेऊन जाणार आहे. खोली बांधलीये म्हणे त्याच्यासाठी, बागेकडे तोंड करून."

"आणि तो काय म्हणाला?"

"बरं म्हणाला."

"प्रेबेन? बरं म्हणाला?"

"तेच ना. मलासुद्धा धसकाच बसला."

बार्ब्रोने चिठ्ठी उघडली. अक्षर वाकडं होतं, पण खोड तीच. लिहिलं होतं: "पाय मोडला आहे. बोटीवर येणं आता जमणार नाही. पैज चालू आहे."

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात ते हेच. बार्ब्रो आधी हसली, मग चिठ्ठीची घडी घालता घालता तिचे हात थांबले. जायला हवं होतं, हे तर उघडच होतं. पण नुसती गेली की ती हरली, आणि हरली की प्रेबेन एक गोष्ट मागणार. काय मागणार हेही तिला स्वच्छ दिसत होतं. तो म्हणणार, "मला मुकाट्याने जाऊ दे, तमाशा करू नकोस." आणि तिला हूं की चूं न करता ऐकावं लागणार. उलट तो हरला तर तिला एक गोष्ट मागता येईल, आणि ती काय, हे सांगायला नको. आल्बोर्गमध्ये बागेकडे तोंड करून बसलेला प्रेबेन तिला नुसता डोळ्यांसमोरही आणवेना.

म्हणजे डेन्मार्कला जायचं, पण डेन्मार्कला पाय लावायचा नाही. आणि मोडक्या पायाच्या माणसाला स्वीडनला पाय लावायला लावायचं. तेही शनिवारच्या आत.

"विबेके, मी उद्या येते," ती म्हणाली.

"उतरणार?" विबेकेचे डोळे मोठे झाले.

"बघू," बार्ब्रो म्हणाली आणि सूप पूर्ण संपवून उठली.

आमच्या भागात जुन्या माणसांच्या तोंडी एक लबाडीची गोष्ट आहे. बांधावरून दोन शेतकऱ्यांचं भांडण लागलं, तेव्हा एकाने स्वतःच्या शेतातली माती बुटात भरली, दुसऱ्याच्या शेतात जाऊन उभा राहिला आणि शपथ घेतली की मी माझ्या मातीवर उभा आहे. मेल्यावर त्याचं भूत झालं ते सोडा. जिवंतपणी तो जमीन घेऊन गेला. शुक्रवारी सकाळी बार्ब्रो फावडं घेऊन बागेत गेली, बटाट्याच्या वाफ्यातली काळी माती खणली आणि टपाल वाटायच्या दिवसांतले आपले जुने मोठे बूट अर्धे भरले. मोजे घातले, पाय आत कोंबले आणि चालून पाहिलं. चौतीस वर्षं चाललेल्या बाईचे पाय होते म्हणून चालले; दुसरं कुणी असतं तर फाटकापाशीच बसलं असतं. शेजारच्या बागेतून कुणीतरी विचारलं, "काय बार्ब्रो, आज कुंड्या पायात घातल्यास?" तिने उत्तर दिलं नाही, ही त्या बागेतली पहिलीच वेळ असावी.

पुढचा अर्धा बेत, म्हणजे प्रेबेनला स्वीडनवर कसं आणायचं, तो तिला सुचलाच नव्हता. ती म्हणाली, घोडामैदान जवळच आहे, तिथे सुचेल.

बोट निम्म्यावर आली. तेव्हा मात्र तिला प्रेबेनचं हुकमाचं पान आठवलं. ती तोऱ्यात म्हणणार, मी स्वीडनच्या मातीवर उभी आहे. आणि तो नऊ वर्षं जे म्हणत आलाय तेच म्हणणार, "ती माती मूळची आमचीच." झालं. म्हणजे ती आख्खा वेळ डेन्मार्कवरच चालत होती असं ठरणार, घरापासून! इतकी अक्कल लढवली आणि त्या खडूसाने एका वाक्यात तिला चीत करायचं? परत फिरावं असं तिला क्षणभर वाटलं. नाहीतरी बसून राहण्यात तिचा हात कोण धरणार? पण बोट धक्क्याला लागली, दार उघडलं आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा बार्ब्रो लिंडक्विस्ट उतरणाऱ्यांच्या रांगेत उभी राहिली. विबेके काउंटर सोडून दारापर्यंत आली आणि बराच वेळ तशीच बघत राहिली.

धक्क्यावरचा गणवेशातला माणूस तिची चाल बघून पुढे झाला. "काय झालं, आजी? पायाला काही लागलंय का?"

"काही नाही रे," बार्ब्रो म्हणाली. "जरा देश टोचतोय."

पिवळ्या इमारतीचे तीन जिने तिने कठड्याला धरून चढले. घामाने बुटांत चिखल झाला होता आणि डाव्या बुटात काहीतरी वळवळत होतं. तिने घंटा वाजवली. दार उघडलं ते डोर्टेने. पन्नाशीची, नीटनेटकी, हातात चिकटपट्टी. मागे खोकी रचलेली होती. त्यांच्या पलीकडे खिडकीपाशी प्रेबेन बसला होता, एक पाय प्लास्टरमध्ये स्टुलावर. तो वाळला होता. आणि दाढी केलेली नव्हती, ते बार्ब्रोला सगळ्यात जास्त लागलं.

"मी बार्ब्रो," ती म्हणाली. "बोटीवरची."

"अय्या, तुम्ही का त्या! या ना, आत या."

आणि इथेच घात झाला. डेन्मार्कची माणसं बुटांसकट घरभर हिंडतात, त्यांना त्याचं काही वाटत नाही. पण स्वीडनच्या माणसाला "आत या" म्हटलं की त्याचे हात आपोआप बुटांकडे जातात. ते डोक्याला विचारत नाहीत. बूट घालून दुसऱ्याच्या घरात शिरणारा माणूस आमच्याकडे चोर तरी असतो नाहीतर आग विझवणारा. बार्ब्रोने सत्तर वर्षांच्या सवयीने वाकून डावा बूट काढला, मोज्याचा पाय चटईवर टेकणार, एवढ्यात तिला आपण काय करतोय ते उमगलं.

ती एका पायावर थबकली. दाराची चौकट धरली. डावा पाय हवेत, हातात बूट.

"बरं वाटत नाहीये का?" डोर्टेने घाबरून विचारलं.

"उत्तम आहे!"

खिडकीतून प्रेबेन ओरडला, "पाय टेक, बार्ब्रो! टेक की! कशाला त्या बिचाऱ्या पायाचे हाल करतेस?" त्याचा आवाज एकदम तरणा झाला होता.

बूट परत घालावा तर एका पायावर ते जमेना. पाय टेकावा तर नऊ वर्षं पाण्यात. प्रेबेनच्या तोंडावर ते जुनं खोडकर हसू पसरत चाललं होतं. बार्ब्रोने मग एकच केलं. हातातला बूट उलटा केला आणि उंबऱ्याच्या आत, डोर्टेच्या स्वच्छ चटईवर, सगळी माती ओतली. त्या मातीवर डावा पाय रोवला. मग उजवा बूट काढून तोही ओतला आणि दोन्ही पायांनी त्या ढिगाऱ्यावर उभी राहिली, पर्स पोटाशी धरून.

"अहो! हे काय करताय?" डोर्टे किंचाळली. "माझी चटई!"

"स्वीडन आहे ते," बार्ब्रो म्हणाली. "माझ्या बटाट्याच्या वाफ्यातलं. मी घरून निघाल्यापासून त्याच्यावरच आहे. प्रेबेन यूल, मी डेन्मार्कला पाय लावलेला नाही."

मातीतून एक गांडूळ निघालं आणि चटईच्या नक्षीवरून चालू लागलं.

"हा नागरिक पण तुमचाच का?" प्रेबेनने विचारलं.

"आमचाच. सुट्टीवर आलाय."

"आत तरी ये."

"येता येत नाही. माझा देश इथेच संपतो. तू ये."

"बाबा, उठायचं नाही!" डोर्टे म्हणाली. पण बाबांनी कुबड्या घेतल्या होत्या. खुर्चीपासून दारापर्यंत आठ पावलं असतील. ती चालायला प्रेबेनला इतका वेळ लागला की बार्ब्रो आपले सगळे बेत विसरली आणि तिला नुसती भीती वाटली, हा आता पडणार. तो मातीच्या कडेला येऊन थांबला. त्याचा चांगला पाय, राखाडी मोज्यातला, ढिगाऱ्यापासून वीतभर लांब होता. त्याने चष्मा नाकावर नीट बसवला आणि मातीकडे निरखून पाहिलं.

आता म्हणणार. बार्ब्रोने ओठ घट्ट मिटले. आता म्हणणार, मूळची आमचीच.

प्रेबेनने तोंड उघडलं. बार्ब्रोकडे पाहिलं, तिच्या चिखलाने भरलेल्या मोज्यांकडे पाहिलं, रचलेल्या खोक्यांकडे पाहिलं आणि तोंड परत मिटलं. मग कुबड्यांवर भार देऊन त्याने पाय उचलला आणि सावकाश, अगदी बघून, तिच्या पायांशेजारी मातीत ठेवला.

"अरेरे," तो म्हणाला. "स्वीडन."

"हरलास," बार्ब्रो म्हणाली.

"हरलो. तोल गेला. म्हातारा माणूस, काय करणार." तो मुलीकडे वळला. "डोर्टे, तू साक्षीदार आहेस. आता ही एक गोष्ट सांगणार आणि ती मला ऐकावीच लागणार. लेखी आहे."

बार्ब्रोने पर्समधून पिशवी काढली, पिशवीतून रुमाल. डोर्टेने तो वाचला, पुन्हा वाचला आणि दोघांकडे असं पाहिलं जसं आपण दुसऱ्याच्या दंगेखोर मुलांकडे पाहतो.

"गुरुवारी बोटीवर यायचं," बार्ब्रो म्हणाली. "येत्या, आणि नंतरच्या सगळ्या."

"ही एक गोष्ट झाली का?" डोर्टेने विचारलं. "ह्या तर कितीतरी झाल्या."

"एकच आहे," प्रेबेन घाईने म्हणाला. "कलम नीट वाच. हूं की चूं करायचं नाही असं लिहिलंय, मी करत नाहीये."

डोर्टे काही वाईट मुलगी नव्हती. बाप तीन आठवडे भिंतीकडे तोंड करून पडला होता आणि ती म्हणेल त्याला बरं म्हणत होता. हे असं भांडताना तिने त्याला आल्यापासून पाहिलं नव्हतं. ती केरसुणी आणायला वळली, मग थांबली, आणि एका खोक्याची चिकटपट्टी ओढून काढली. त्या आवाजाने प्रेबेनच्या खांद्यांवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. माती मात्र त्याने झाडू दिली नाही. ती एका कुंडीत भरून खिडकीत ठेवायला लावली, गांडुळासकट.

पुढच्या गुरुवारी विबेकेने त्याला चाकाच्या खुर्चीतून बोटीवर ढकलत आणलं. दाढी केलेली होती. बार्ब्रोने मोहरीची वाटी दोघांच्या मध्ये ठेवली. सूप कोमट आहे यावर पहिली फेरी गेली, राजघराण्यांवर दुसरी, बटाट्यांवर तिसरी. चौथ्या फेरीला, डेन्मार्कचा धक्का जवळ येत असताना, तो पुढे वाकला.

"एक सांगू का?" तो हळूच म्हणाला. "तशी ती माती मूळची आमचीच होती हं."

"ठाऊक आहे," बार्ब्रो म्हणाली आणि मोहरीची वाटी त्याच्याकडे सरकवली.